वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत पुन्हा हिशेब शिकताना

भारतात आठ-दहा वर्षं ऑडिट, टॅक्स किंवा फायनान्समध्ये काढून अमेरिकेत गेलेल्या किंवा जाणाऱ्या, आणि तिथे पुन्हा अकाउंटिंगच्या वर्गात बसायचं की नाही अशा पेचात असलेल्या वाचकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. सगळे प्रश्न अमेरिकेतल्या शिक्षणाचे आणि कामाचे आहेत, म्हणून उत्तरंही तिथल्याच नियमांची. इमिग्रेशनचं उत्तर सर्वसाधारण आहे. तुमच्या कागदांवरचा शब्द शेवटी वकिलाचाच.

प्रश्न : मी सीए आहे. पुण्यात नऊ वर्षं स्टॅच्युटरी ऑडिट केलं. बी.कॉम. पुणे विद्यापीठाचं. आता कोलंबसला (ओहायो) असते, वर्क परमिट आहे. सगळे सांगतात, ‘आधी मास्टर्स कर, १५० क्रेडिट पूर्ण कर, मग सीपीए.’ खरंच एक वर्ष आणि एवढे पैसे घालावेत का?

ही सल्ल्याची जी रांग तुम्हाला सांगितली जाते आहे, ती उलटी लावा. आधी परवाना (सीपीए, म्हणजे अमेरिकेतला परवानाधारक हिशेबतज्ज्ञ), मग क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), मग पदवी.

एक गोष्ट सुरुवातीलाच. भारतीय सीए असल्यामुळे सीपीएच्या परीक्षेत काहीही माफ होत नाही. काही निवडक देशांच्या हिशेबतज्ज्ञ संस्थांशी अमेरिकेचा परस्पर मान्यतेचा करार आहे. सीएंची आपली संस्था, आयसीएआय, त्यात नाही. त्यामुळे चारही पेपर द्यायचे : ऑडिट (एयूडी), फायनान्शियल रिपोर्टिंग (एफएआर), टॅक्स आणि कायदा (आरईजी) हे तीन सक्तीचे, आणि बीएआर (व्यवसाय विश्लेषण), आयएससी (माहिती यंत्रणा), टीसीपी (टॅक्स नियोजन) यांपैकी निवडीचा एक. जानेवारी २०२४ पासूनची ही रचना आहे. प्रत्येक पेपर चार तासांचा, उत्तीर्ण व्हायला ७५ गुण. ही टक्केवारी नाही, मोजपट्टीवरचा आकडा आहे.

आता १५० क्रेडिटचं. हा आकडा परवान्यासाठी आहे. परीक्षेला बसायला बहुतेक राज्यांत १२० क्रेडिट आणि पदवी पुरते. शिवाय परवान्याचा नियमही हलला आहे आणि त्याची सुरुवात तुमच्याच राज्याने केली. ओहायोत १ जानेवारी २०२६ पासून पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा एवढ्यावर परवाना मिळू शकतो. १५० क्रेडिट आणि एक वर्ष अनुभव हा जुना रस्ताही चालूच आहे. इतर अनेक राज्यांनी असेच कायदे केले आहेत, पण ते लागू होण्याच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. तेव्हा शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव ऐकून घ्या, निर्णय मात्र ओहायोच्या अकाउंटन्सी बोर्डाच्या नियमावरच घ्या.

म्हणजे तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे : तुमचं बी.कॉम. तिथे ‘पदवी’ म्हणून धरलं जातं का? आपल्याकडचं एक शैक्षणिक वर्ष म्हणजे साधारण ३० सेमिस्टर क्रेडिट. तीन वर्षांचे ९० होतात, अमेरिकी पदवीला १२० लागतात. परदेशी पदव्या अमेरिकी मापात मोजून देणाऱ्या काही मूल्यांकन संस्था नॅकचा ‘अ’ दर्जा असलेल्या विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी अमेरिकी पदवीच्या तोडीची मानतात, काही ‘तीन वर्षांचं शिक्षण’ एवढंच लिहून मोकळ्या होतात. एम.कॉम. असेल तर खड्डा बराचसा भरतो. सीएचे किती क्रेडिट धरायचे, यातही संस्थांमध्ये एकवाक्यता नाही. म्हणून मूल्यांकन कोणाकडून करून घ्यायचं हे बोर्डाच्या यादीत बघा. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी केलेला अहवाल बोर्ड मानेलच असं नाही. दोन्हींसाठी एकच अहवाल चालेल असं गृहीत धरून लोक दोनदा फी भरतात.

अहवाल हातात आल्यावर तीनपैकी एक चित्र दिसेल. पदवी मान्य आणि अकाउंटिंगचे विषयही पुरेसे : मग मास्टर्स नको, परीक्षेचा अर्ज करा. पदवी मान्य, पण तीन-चार विषय कमी, बहुतेकदा अमेरिकी टॅक्स, बिझनेस लॉ किंवा एखादा एथिक्सचा : हे कम्युनिटी कॉलेजात क्रेडिटमागे कितीतरी कमी पैशांत होतात. फक्त त्या पातळीचा विषय बोर्डाला चालतो का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा. काही बोर्डं वरच्या वर्गातले विषयच मागतात. आणि तिसरं, पदवीच मान्य नाही : मग ३० क्रेडिटचं मास्टर्स एका दगडात दोन पक्षी मारतं. तरीही त्या मास्टर्सनंतर पदवीची अट पूर्ण झाली असं बोर्ड धरेल ना, हे आधी विचारून ठेवा.

मास्टर्सचा खरा उपयोग आणखी एके ठिकाणी आहे, आणि तो क्रेडिटमध्ये मोजता येत नाही. मोठ्या ऑडिट फर्म नव्या लोकांची भरती कॅम्पसवरून करतात. शरद ऋतूच्या सत्रात, वर्ग सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, मुलाखती लागतात. तुम्हाला त्या दारातून आत जायचं असेल तर मास्टर्सला अर्थ आहे. पण त्या दारातून सगळे पहिल्या पायरीवर घेतले जातात, हेही धरून चाला. नऊ वर्षं टीम सांभाळलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या मुलांबरोबर व्हाउचिंग (पावत्यांची तपासणी) करावं लागेल. ते नको असेल तर अनुभवी उमेदवार म्हणून थेट मधल्या आकाराच्या फर्ममध्ये अर्ज करा आणि परीक्षा संध्याकाळी द्या.

जाता जाता : बऱ्याच राज्यांच्या कायद्यात परवाना नसलेल्याने ‘चार्टर्ड अकाउंटंट’ ही उपाधी लावण्यावर बंधन आहे. बायोडेटात नुसतं नावापुढे सीए लावू नका. शिक्षणाच्या रकान्यात ‘सदस्य, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ असं पूर्ण लिहा.

प्रश्न : मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम. (१९९९), नंतर एम.कॉम. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. दुसऱ्या वर्षाला एटीकेटी होती. मूल्यांकन संस्थेने दोनदा फाइल परत पाठवली. (एडिसन, न्यू जर्सी)

फाइल परत येण्याची कारणं ठरलेली असतात आणि तुमच्या दोन ओळींत त्यातली दोन आहेत.

पहिलं, नाव. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पुढे आईचं. अमेरिकन कारकुनाला यातलं ‘फर्स्ट नेम’ कोणतं ते कळत नाही. तो डावीकडचा पहिला शब्द उचलतो. त्यातून लग्नात नाव बदललं असेल तर पासपोर्टवरची व्यक्ती आणि मार्कशीटवरची व्यक्ती यांच्यात एकही शब्द सारखा उरत नाही. नुसतं विवाह प्रमाणपत्र पुरत नाही, कारण बऱ्याचदा त्यात फक्त माहेरचं नाव असतं. प्रमाणपत्र, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर ती, आणि ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही एकत्र लावा. प्रतिज्ञापत्रात प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहा. एका मार्कशीटवर एक ‘ए’ आणि दुसरीवर दोन ‘ए’ असतील तर तेही.

दुसरं, एटीकेटी. राहिलेला विषय ज्या मार्कशीटवर सुटला, ती मार्कशीटही हवी. आपण घरी फक्त शेवटची, ‘पास’ लिहिलेली जपतो. मूल्यांकन करणाऱ्याला सगळे प्रयत्न दिसले नाहीत तर त्या विषयाचे क्रेडिट तो सोडून देतो, आणि तो विषय नेमका कॉस्टिंग किंवा अकाउंटन्सी असेल तर मोठा फटका बसतो.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तपासा : पदवी प्रमाणपत्र. अनेकांकडे मार्कशीट असतात, पदवीदान समारंभाचा अर्जच कधी केलेला नसतो. मार्कशीट म्हणजे पदवी नव्हे. प्रमाणपत्र आता काढायला कलिन्याला, विद्यापीठात, कोणीतरी माणूस लागेल, म्हणून भावाला किंवा मैत्रिणीला अधिकारपत्र देऊन ठेवा. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा) मूल्यांकन संस्थेकडे थेट विद्यापीठातूनच जायला हवं. बंद पाकिटातून जात असेल तर पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का आणि सही चिकटवलेल्या पट्टीवरून गेलेली असावी. आईने पाकीट ‘नीट आहे ना बघू’ म्हणून उघडलं की ते बाद.

आणि विद्यापीठाचं नाव. १९९६ पूर्वीच्या कागदांवर ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ असतं. तुमचं पहिलं वर्ष त्या सुमाराचं आहे, बघून घ्या. पुण्याचं नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. अर्जात कागदावरचं जुनं नाव लिहून पुढे ‘आताचं’ म्हणून नवं लिहा. नाहीतर दोन वेगळ्या विद्यापीठांत शिकलात असं धरून दोन ट्रान्सक्रिप्ट मागतात.

प्रश्न : एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, वर्क परमिट नाही. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने करायचा अर्ज) अजून व्हायचंय. मास्टर्स करता येईल का? इंटर्नशिप?

शिकता येतं. पूर्ण वेळ, अर्ध वेळ, ऑनलाइन, कसंही, आणि त्यासाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची गरज नाही. कमाई मात्र करता येत नाही. पगारी इंटर्नशिप नाही, विद्यापीठातली असिस्टंटशिपही नाही. नवऱ्याचं आय-१४० मंजूर झालं की वर्क परमिटचा अर्ज करता येतो.

मध्येच एफ-१ वर जायचा विचार करत असाल तर हिशेब मांडून बघा. एफ-१ वर शिक्षण संपल्यावर १२ महिने काम करता येतं. कोर्स ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात नोंदलेला असेल तर आणखी २४. साधं अकाउंटिंग स्टेममध्ये मोडत नाही. काही विद्यापीठांनी डेटा अॅनालिटिक्सकडे झुकलेले कोर्स वेगळ्या कोडखाली नोंदवले आहेत. माहितीपत्रकावरची जाहिरात वाचू नका, आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवर) छापला जाणारा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, विचारा. दुसऱ्या बाजूला एफ-१ म्हणजे पूर्ण वेळ शिक्षण सक्तीचं, ऑनलाइनचा साधारण एकच विषय मोजात धरला जातो, आणि घरात ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असताना ‘शिकून परत जाणार’ असं सांगावं लागतं. इथे वकील हवाच.

तोवर हात रिकामे ठेवू नका. सीपीएची परीक्षा देता येते. तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, म्हणून तो न मागणारं राज्य निवडा. चारही पेपर सुटले की बहुतेक राज्यांत गुण शिळे होत नाहीत. पहिला सुटल्यावर उरलेले ठरावीक मुदतीत सोडवावे लागतात, आणि ही मुदत पूर्वी १८ महिने होती, आता बहुतेक ठिकाणी ३० महिने आहे. परवाना अनुभवापाशी अडेल, तो थांबू द्या.

दुसरं म्हणजे व्हीटा, आयआरएसचा (अमेरिकी कर खात्याचा) मोफत टॅक्स मदतीचा उपक्रम. जानेवारीच्या शेवटापासून १५ एप्रिलपर्यंत ग्रंथालयांत, समाजमंदिरांत बसून कमी उत्पन्नाच्या लोकांची रिटर्न भरून द्यायची. त्याआधी आयआरएसच्या चाचण्या ८० टक्क्यांनी पास व्हाव्या लागतात. काम विनामोबदला आहे, म्हणून अडचण येत नाही. एका हंगामात फॉर्म १०४० (वैयक्तिक आयकराचं रिटर्न) इतक्या वेळा हाताखालून जातो की आरईजीचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

प्रश्न : सांगलीला मराठी माध्यमातून बी.कॉम., एम.कॉम. केलं. बारा वर्षं साखर कारखान्यात अकाउंट्स बघितले. आता शिकागोजवळ मास्टर्सचं पहिलं सत्र चालू आहे. इंग्रजी बरं आहे, हिशेब येतो, तरी ‘सी’ ग्रेड मिळतेय. कुठे चुकतंय?

हिशेब येतो, तिथेच चुकतंय. नवख्या मुलाची पाटी कोरी असते. तुमच्या पाटीवर आधीच अक्षरं आहेत.

सुरुवात कागदाच्या मांडणीपासून. आपल्या आडव्या ताळेबंदात देणी डावीकडे, मालमत्ता उजवीकडे. तिकडे मालमत्ता डावीकडे, किंवा वर, आणि त्यातही रोकड सगळ्यात आधी, इमारत-यंत्रं शेवटी. खतावणीत ‘टू’ आणि ‘बाय’ लिहीत असाल तर हात आवरा. ‘स्टॉक’ म्हणजे शेअर, माल म्हणजे ‘इन्व्हेंटरी’. ‘टर्नओव्हर’ म्हटलं की समोरच्याला नोकरी सोडून जाणारी माणसं आठवतात, विक्रीला ‘रेव्हेन्यू’ किंवा ‘सेल्स’ म्हणा. आपली लाडकी आरडीडी, म्हणजे ‘रिझर्व्ह फॉर डाउटफुल डेट्स’, तिथे ‘अलाउन्स’ आहे, आणि तिथे तिला ‘रिझर्व्ह’ म्हटलं की प्राध्यापक लाल शाई काढतात. आकडे २५,००,००० असे न लिहिता २,५००,००० असे लिहा. एक्सेलची प्रादेशिक सेटिंग बदलली नाही तर स्वल्पविराम आपोआप लाखांच्या जागी पडतो आणि तपासणाऱ्याला आकडाच चुकलेला वाटतो.

हे वरवरचं झालं. गुण जातात ते आतल्या फरकात. एक उदाहरण सावकाश बघू.

एक लाख डॉलरचा माल. वर्षअखेर त्याचं निव्वळ वसुलीयोग्य मूल्य (विकून हाती उरेल ती रक्कम) ८०,००० वर आलं. भारतातही आणि अमेरिकेतही २०,००० तोट्याला टाकायचे, इथवर सारखं. पुढच्या वर्षअखेर तोच माल पडून आहे आणि मूल्य ९५,००० झालं. भारतीय ‘इंड एएस २’ या लेखा मानकाप्रमाणे तुम्ही १५,००० परत उचलता. तुमचा हात सवयीने तीच नोंद करतो. अमेरिकी नियमात मात्र वर्षअखेर एकदा खाली आणलेला ८०,००० हाच पुढचा ‘खर्च’. तो वर जात नाही. माल ९५,००० ला गेला तर १५,००० चा नफा विक्रीच्या वर्षी दिसेल. एकूण बेरीज दोन्हीकडे तीच, वर्ष वेगळं. परीक्षेत नेमकं वर्षच विचारतात.

असे आणखी फरक आहेत : लिफो पद्धत (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणारी) आपल्याकडे बाद, तिथे चालते. जमीन-इमारतीचं पुनर्मूल्यांकन आपल्याकडे करता येतं, तिथे नाही. विकसन खर्च अटी पूर्ण झाल्यावर आपण मालमत्तेत नेतो, तिथे सॉफ्टवेअरसारखे अपवाद सोडले तर सरळ खर्चात. भाडेपट्ट्यात भाडेकरूकडे आपण सगळीकडे घसारा आणि व्याज दाखवतो, तिथे ‘ऑपरेटिंग लीज’ असेल तर समान हप्त्याचा एकच खर्च. एका वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे सवय, उजवीकडे नियम असं लिहून काढा. चार-पाच पानांत मावतं.

आणि शेवटचं, जे कारखान्यात कधी करावं लागलं नसेल : मेमो. मास्टर्सच्या वर्गात उत्तर बरोबर असणं पुरत नाही, ते कोणत्या परिच्छेदावर उभं आहे ते दाखवावं लागतं. अमेरिकेची लेखा मानकं ठरवणाऱ्या एफएएसबीचं कोडिफिकेशन, म्हणजे नियमसंग्रह, मोफत वाचता येतं. त्याची वाचण्याची किल्ली क्रमांकात आहे. ३३०-१०-३५ यात ३३० म्हणजे विषय, इथे इन्व्हेंटरी. १० म्हणजे उपविषय. ३५ म्हणजे नंतरचं मोजमाप. कुठल्याही विषयात २५ म्हणजे नोंद कधी घ्यायची, ३५ नंतरचं मोजमाप, ५० म्हणजे काय जाहीर करायचं. वरच्या मालाच्या प्रश्नाला ३५ खालीच उत्तर सापडतं. मेमोत क्रम असा : वस्तुस्थिती, प्रश्न, लागू परिच्छेद, त्याचा या वस्तुस्थितीला लावलेला अर्थ, निष्कर्ष. विरुद्ध बाजूचा अर्थ का टिकत नाही, यावर एक परिच्छेद हवाच. आपण तो ‘कशाला उगाच’ म्हणून गाळतो आणि बी चा सी होतो. परिच्छेद उतरवला तर अवतरणचिन्हं आणि क्रमांक द्या. न दिल्यास ती वाङ्मयचोरी धरतात आणि प्रकरण गुणांवर थांबत नाही.

प्रश्न : ग्रीन कार्ड आहे. ३० क्रेडिटची फी २४,००० डॉलर. कर्ज, करसवलत काय मिळेल? (नेपरव्हिल, इलिनॉय)

ग्रीन कार्डधारकाला फाफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरून केंद्र सरकारचं कर्ज मिळतं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला कमाल २०,५०० डॉलर. त्यावरचं ‘ग्रॅड प्लस’ कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून आकडेमोड करू नका. नोकरी करत असाल तर मालकाकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत करमुक्त मिळू शकते. मनुष्यबळ विभागाला अशी योजना आहे का ते विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

करात ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ : पहिल्या १०,००० डॉलर फीच्या २० टक्के, म्हणजे प्रति रिटर्न कमाल २,०००. संयुक्त रिटर्नचं उत्पन्न १,६०,००० च्या पुढे गेलं की ते घटत जातं आणि १,८०,००० ला शून्य होतं. पती-पत्नीने वेगवेगळं रिटर्न भरलं तर मिळतच नाही. तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून पुढचं तुमच्यासाठी : २४,००० सगळे एका कॅलेंडर वर्षात भरले तर २,००० मिळतील. १२,००० या वर्षी आणि १२,००० पुढच्या वर्षी पडले तर दोनदा मिळून ४,०००. सत्र जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होत असेल आणि फी डिसेंबरात भरली तर ती भरलेल्या वर्षात धरतात. म्हणजे डिसेंबरात भरायची की जानेवारीत, हे ठरवायला थोडा वाव तुमच्या हातात आहे. मालकाने करमुक्त दिलेल्या पैशांवर पुन्हा क्रेडिट घेऊ नका.

प्रश्न : वय ४६. सीए, भारतातलं एमबीए. डॅलसजवळ राहतो. आता शिकवायचं आहे. पीएच.डी. करावी का?

शिकवायचं आहे की संशोधन करायचं आहे? अमेरिकेत अकाउंटिंगची पीएच.डी. ही संशोधनाची उमेदवारी आहे. चार-पाच वर्षं पूर्ण वेळ, फी माफ आणि वर विद्यावेतन, पण जागा एका विद्यापीठात वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्या. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत. पहिली दोन वर्षं अर्थमिती आणि संख्याशास्त्र. वीस वर्षांचा ऑडिटचा अनुभव तिथे प्रश्न शोधायला कामी येतो, समीकरण सोडवायला नाही. वयाची अट नाही, पण कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित ताजं केल्याशिवाय अर्ज करू नका.

नुसतं शिकवायचं असेल तर एवढ्या लांब जाऊ नका. टेक्सससह दक्षिणेतल्या राज्यांच्या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा संकेत असा : मास्टर्स पदवी, आणि त्या विषयातले किमान १८ पदव्युत्तर क्रेडिट. तुमचं एमबीए मास्टर्स म्हणून धरलं गेलं तरी त्यात अकाउंटिंगचे १८ क्रेडिट भरणार नाहीत, तिथेच अर्ज अडतो. म्हणजे सहा विषय, तीन-तीन क्रेडिटचे. पूर्ण पदवी न घेता तेवढेच विषय देणारे प्रमाणपत्र कोर्स आहेत. फक्त ट्रान्सक्रिप्टवर विषयाचा कोड अकाउंटिंगचाच असावा. ‘फायनान्शियल अॅनालिसिस’ फायनान्सच्या कोडखाली असेल तर तो मोजत नाहीत. अशा नोकऱ्या सुरुवातीला तासिका तत्त्वावर मिळतात आणि त्यांवर घर चालत नाही, तेव्हा चालू नोकरी धरून संध्याकाळचे वर्ग घ्या.

प्रश्न : पुण्यात एका अमेरिकन फर्मच्या बॅक ऑफिसात पाच वर्षं अमेरिकी टॅक्सचं काम करते. तीन महिन्यांनी नवऱ्याबरोबर सिअॅटलला चालले. जाण्याआधी काय करून ठेवू?

ट्रान्सक्रिप्टच्या किमान तीन बंद प्रती, पदवी प्रमाणपत्र, सगळ्या प्रयत्नांच्या मार्कशीट, आणि महाविद्यालयाकडून शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र. या पत्रामुळे काही विद्यापीठांत टोफेल सुटते.

पण तुमच्या बाबतीत याहून मोलाचा एक कागद आहे. परवान्यासाठी लागणारा अनुभव बहुतेक राज्यांत सीपीएच्या सहीने सिद्ध होतो, आणि तो अमेरिकेतच घेतलेला असावा अशी अट अनेक ठिकाणी नाही. तुमचं काम तपासणारी वरिष्ठ व्यक्ती सीपीए असेल तर तिचा परवाना कोणत्या राज्याचा, क्रमांक काय, आणि तुम्ही तिच्या हाताखाली होता त्या काळात तो चालू होता का, हे लिहून घ्या. वॉशिंग्टन राज्याच्या बोर्डाचा अनुभवाचा फॉर्म आत्ताच उतरवून घ्या. एक वर्ष म्हणजे साधारण २,००० तास, म्हणून कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या प्रकारची रिटर्न, किती तास असा तक्ता करून वरिष्ठांना दाखवा आणि तुम्ही अजून त्याच मजल्यावर बसताय तोवर सही घ्या. त्यांचा कंपनीचा ईमेल पुरेसा नाही, खाजगीही मागून ठेवा. बॅक ऑफिसात माणसं दीड-दोन वर्षांत बदलतात.